पोरीची गाणी

भाऊसो कानाला मशीन लावून घेणार नाहीत, हे २००९ च्या उन्हाळ्यापर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. "मला समदं ऐकू येतंय," हे त्यांचं पहिलं वाक्य. "मी काय म्हातारा झालोय?" हे दुसरं. तिसऱ्या वाक्यापर्यंत कुणी टिकतच नसे. आणि गंमत म्हणजे त्यांची एकुलती एक लेक दीप्ती कानाचंच शिकून आली होती. चार वर्षं मुंबईत राहिली, डिग्री घेतली आणि राजारामपुरीतच श्यामला मॅडमच्या क्लिनिकमध्ये कामाला लागली. दिवसभर ती लोकांच्या आजी-आजोबांना "आता ऐकू येतंय का?" म्हणून विचारायची. संध्याकाळी घरी येऊन तेच बापाला विचारलं, की उत्तर यायचं, "काय?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मार्चमध्ये मात्र पाणी डोक्यावरून गेलं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कंपनीच्या बसमधून उतरून भाऊसो रस्ता ओलांडायला लागले, आणि मागून टेम्पो आला. नशीब बरं म्हणून कोपरावर भागलं. "त्यानं हॉर्नच वाजीवला न्हाय," असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. त्यांना पोचवायला आलेले, त्यांच्याच कंपनीतले पिराजी त्यांच्या मागे उभे राहून दीप्तीला खुणेनं सांगत होते, की हॉर्न पार हायवेपर्यंत ऐकू गेला.

दीप्तीनं दुसऱ्या दिवशी श्यामला मॅडमना विचारलं. मॅडम गोड बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. "कान फार दिवस उपाशी राहिला, की मेंदू शब्द विसरतो," त्या म्हणाल्या. "मग मशीन लावलं तरी नुसता गलका. आणखी वर्षभर थांबणार असशील तर त्यांना माझ्याकडे आणूच नको."

वर्षभर. दीप्तीला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिनं विनवण्या केल्या, अबोला धरला, आईकडून सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आई, म्हणजे मीनाबाई, अंगणवाडीतल्या चाळीस पोरांना एका हाकेत गप्प बसवायच्या, पण नवऱ्यापुढे त्यांनीही हात टेकले होते.

तसं बघितलं तर भाऊसोंच्या कानाचं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. सव्वीस वर्षं ते फौंड्रीत ग्राइंडिंगला होते. ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा घासून काढायच्या, दिवसाचे आठ तास. कानात बोळे घालायची सोय होती, पण बोळे घातले की साहेबाची हाक ऐकू येत नाही, म्हणून कुणी ते घालत नसे. आणि बहिरेपण लपवायला कोल्हापूरसारखं दुसरं गाव नाही. इथं शेजारच्याला मीठ मागायचं तरी माणूस भांडायला आल्यासारखा ओरडतो. इथल्या निम्म्या बहिऱ्यांना आपण बहिरे आहोत हे कळतच नसावं.

दीप्तीची मात्र खात्री होती, की हे सगळं अलीकडचं आहे, फार तर पाचसहा वर्षांतलं. कारण तिच्या लहानपणीचे पप्पा गाण्यांचे शौकीन होते. असा गाणंवेडा बाप सबंध राजारामपुरीत कुणाला नव्हता.

१९९४ साली भाऊसोंनी टेपरेकॉर्डर आणला. घरात अजून फ्रीज नव्हता, गॅस नुकताच आला होता, आणि हे बेणं आलं. वर्षभरात हिंदी पॉपचं पेव फुटलं. सिनेमाशिवाय गाणं असतं, हेच आधी गल्लीला पटत नव्हतं. हिरो कोण, हिरोइन कोण, मग गाणं कशासाठी, असं लोक विचारायचे. पण बघता बघता त्या गाण्यांनी सगळ्यांना खुळं करून सोडलं. चमचमत्या जाकिटातले गडी, मागे बर्फ, पुढे उंट, आणि हे सगळं एकाच गाण्यात. निम्मे शब्द पंजाबी. पंजाबी येणारा माणूस सबंध गल्लीत एक नव्हता, तरी शाळेच्या गॅदरिंगला सहासहा पोरं गॉगल लावून त्याच गाण्यांवर नाचायची.

दीप्तीच्या घरात गाण्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नसे. टीव्हीवर जे दिसलं त्यावरून नाव पडायचं. टोपीवालं, जिन्यावरचं, ओल्या केसांचं, म्हातारी नाचती ते. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी भाऊसो इस्त्रीचा शर्ट घालून कॅसेटच्या दुकानात जायचे आणि काउंटरवर कोपर टेकून सांगायचे, "पोरीची गाणी द्या." दुकानदार बाळासो ओळखीचा झाला होता. नवीन जे चाललं असेल ते तो द्यायचा. ती कॅसेट खिशात घालून भाऊसो येताना असे चालत, की बघणाऱ्याला वाटावं, कुस्ती मारून आलेत.

संध्याकाळी जेवणाआधी टेप लागायचा. भाऊसो भिंतीला पाठ लावून बसायचे, दीप्ती समोर. पहिलं वाक्य ठरलेलं, "आवाज वाढीव." मग आणखी वाढीव. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यातून डोकावायची, आई कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात जायची, आणि बापलेक हटायचे नाहीत. भाऊसो एक तळवा टेपच्या पेटीवर ठेवायचे आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका धरायचे. डोळे मात्र सतत दीप्तीकडे. ती मान हलवी तसे ते मान हलवायचे. ती हसली की ते हसायचे. गाणं संपलं की म्हणायचे, "झ्याक. परत लाव."

वर्गातल्या मैत्रिणींचे बाप असली गाणी लागली की टीव्ही बंद करत. "हा काय धिंगाणा," म्हणत. दीप्तीचा बाप म्हणायचा, परत लाव. तिची छाती फुगायची. पुढे मुंबईत होस्टेलवर कुणी ती जुनी गाणी लावली, की पोरी हसायच्या. किती फालतू होती नाही, म्हणायच्या. दीप्ती मात्र त्या गाण्यांना कधीच हसली नाही. ती गाणी भिकार असतील, पण तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी त्यांनी दिल्या होत्या. त्या गाणाऱ्यांपैकी कुणी भेटला असता, तर ती वाकून पाया पडली असती.

एकदा फजिती झाली होती. दुकानात बाळासो नव्हता, त्याचा पुतण्या होता. भाऊसोंनी कव्हरावरची रंगीत कपड्यांतली, हात वर केलेली मुलगी बघितली आणि कॅसेट घेऊन आले. लावली, तर ती वजन कमी करायच्या व्यायामाची निघाली. मागे ढणढण संगीत आणि पुढे एक बाई हिंदीत आकडे मोजतेय, श्वास घ्या, श्वास सोडा, आता डावा पाय. स्वयंपाकघरात आई हसून हसून खाली बसली. भाऊसोंनी अख्खी बाजू संपेपर्यंत ठेका धरला आणि शेवटी म्हणाले, "ह्यो आवाज चांगला हाय बाईचा." दीप्ती तेव्हा दहा वर्षांची होती. पप्पा मुद्दाम मजा करताहेत असं तिला वाटलं. आणि एवढ्या प्रेमानं आणलेल्या कॅसेटला नावं कशी ठेवायची, म्हणून तीही म्हणाली, "लई भारी हाय, पप्पा." दोन महिने ती कॅसेट घरात वाजली.

हे सगळं आठवून तिला इतकंच कळायचं, की ज्या माणसानं एवढी गाणी ऐकली, त्याला पुन्हा ऐकू आलं पाहिजे. पण नेणार कसं?

शेवटी तिनं खोटं बोलायचं ठरवलं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती चेहरा पाडून घरी आली. भाऊसोंच्या समोर बसली आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "पप्पा, माझी परीक्षा हाय. नोकरी पक्की व्हायला दहा माणसांची तपासणी करून दाखवावी लागते. नऊ झाली. दहावं माणूस मिळंना."

भाऊसो तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी आलो तर तू पास?"

"व्हय."

"मग आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी ते हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. घरातून निघताना बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून आले होते, जसे दीप्तीच्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी जोडत. पोरीच्या शिक्षणाचं काम म्हटल्यावर या माणसानं विहिरीत उडी मारायलाही नाही म्हटलं नसतं. दीप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता माघार नव्हती.

तपासणीची खोली म्हणजे एक छोटी बंद खोली, मधे काच. आत भाऊसो हेडफोन लावून खुर्चीत बसले, हातात बटण. काचेच्या बाहेर दीप्ती यंत्रापुढे. आवाज कानात आला की बटण दाबायचं, बाहेर दिवा लागतो. एवढंच काम. पेशंटनं हाताकडे बघू नये, म्हणून खुर्ची वाकडी ठेवलेली असते.

सुरुवातीचे जाड, घुमणारे आवाज भाऊसोंनी बरोबर पकडले. ते अपेक्षितच होतं, ढोलासारखा आवाज सगळ्यांत शेवटी जातो. पण पुढे दीप्ती बारीक आवाजांकडे गेली, आणि दिवा लागतच राहिला. टिटवीसारखा आवाज, दिवा. शिट्टीसारखा आवाज, दिवा. सव्वीस वर्षं फौंड्रीत घालवलेल्या माणसाचा कान हे ऐकेल, हे शक्यच नव्हतं. दीप्तीनं आवाज कमी केला. दिवा. आणखी कमी केला. दिवा. असला कान तर तिच्या वर्गातही कुणाचा नव्हता.

तिनं मान वर केली. भाऊसो समोर भिंतीकडे बघत होते, आणि भिंतीला औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत दीप्तीचा हात अगदी स्वच्छ दिसत होता.

तिनं यंत्राचा आवाज पूर्ण बंद केला. मग नुसतंच बटणावर बोट ठेवलं. दिवा लागला. थांबली, परत ठेवलं. दिवा लागला. तिसऱ्यांदा तिनं सवयीनं, ठेका चुकवून, पटकन दोनदा बोट टेकवलं. आत भाऊसोंनी तितक्याच पटकन दोनदा बटण दाबलं, आणि बरोबर जमलं म्हणून त्यांच्या तोंडावर किंचित हसू आलं.

ते हसू दीप्ती ओळखत होती. रोज संध्याकाळी, भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाच्या तोंडावर ते असायचं. डोळे तिच्या मानेकडे, तिच्या बोटांकडे, एक तळवा पेटीवर. तिला ती आकडे मोजणारी बाई आठवली. मजा नव्हती ती.

ती दार उघडून आत गेली. त्यांच्या समोर स्टूल ओढून बसली आणि हेडफोन काढला.

"समदं बरोबर आलं न्हवं?" भाऊसोंनी विचारलं.

"पप्पा, तुम्ही काचेत बघून दाबत होता."

भाऊसो ओशाळले. "तुझी परीक्षा म्हणालीस. मला ऐकू न्हाय आलं तर तू नापास हुणार. म्हटलं, पोरगी माझ्यापायी कशाला नापास व्हायची?"

दीप्तीला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. कशीबशी ती म्हणाली, "परीक्षा नव्हतीच. मी खोटं बोलले."

"बापाशी खोटं?" त्यांचा आवाज चढला.

"तुम्ही किती वर्षं बोलताय? ती टोपीवाली गाणी, जिन्यावरची, त्यांतलं तुम्हाला काय ऐकू यायचं? खरं सांगा."

भाऊसो नखानं खुर्चीचा हात खरवडत राहिले. ताकास तूर लागू न देणारा माणूस, पण आज पळायला वाट नव्हती. लेक समोर बसली होती, आणि तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं त्यांना वाचता येत होतं.

"धडधड कळायची," शेवटी ते म्हणाले. "पेटीवर हात ठेवला की. शबूद न्हाय."

"मग आणायचात कशाला?"

"तू तिसरीत हुतीस," भाऊसो म्हणाले. "शाळंतनं आलीस की माझ्याम्होरं बसून बोलायचीस. लई बोलायचीस. अन् तुझा आवाज बारीक, सुईगत. मोठ्या माणसांचं मला कळायचं, तुझं न्हाय. नुसतं त्वांड हलताना दिसायचं. मी आपला व्हय व्हय म्हणायचो. मग एकदा तू काय तरी इचारलंस, मी व्हय म्हणालो, अन् तू रडत आत गेलीस. काय इचारलं हुतंस ते मला अजून ठाव न्हाय. तवा भ्या वाटलं. म्हटलं, असंच चाललं तर ही पोरगी माझ्याशी बोलायची बंद हुईल. मग टेप आणला. टेप लागला की कुणी बोलत न्हाय. तू गाणं ऐकतीस, मी तुला बघतोय. दोघं एका जागी बसतोय. तेवढंच पायजे हुतं."

दीप्तीनं त्यांचा हात धरला. त्या हाताला अजून लोखंडाचा वास होता.

"आणि मी मुंबईहून फोन करायची तेव्हा?"

"तुझी आई शेजारी बसून खुणा करायची. न्हायतर मी आपलं जेवलीस का, पैसं हायत का, अभ्यास कर."

खरंच. चार वर्षं तीन वाक्यं. होस्टेलच्या जिन्यात उभी राहून ती आईकडे तक्रार करायची, की पप्पा फोनवर धड बोलत नाहीत. चार वर्षं कानाची पुस्तकं पाठ केली, आणि बापाच्या कानात कधी डोकावून पाहिलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी मनात दाटून आलं होतं. कुणासाठी कुणी काय काय करतं, याची तिला आजवर कल्पनाच नव्हती. फौंड्रीतून दमून आलेला माणूस रोज तासभर एक अक्षर न कळणाऱ्या गोंगाटात बसून राहिला, आणि म्हणत राहिला, परत लाव. एवढं कुणी कुणाला देत नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "मला तुमच्याशी बोलायचंय. गाणी न लावता."

भाऊसोंनी तिच्या ओठांकडे बघितलं. मग मधल्या काचेकडे बघितलं. मग शर्टाची कॉलर खाली ओढून त्यांनी डावा कान पुढे केला. "लाव," ते म्हणाले. "पर पिराजीला माझं मी सांगीन. तू सांगायचं न्हाय."

दोघं बाहेरच्या खोलीत आली, आणि श्यामला मॅडमनी दाखवायला ठेवलेलं मशीन दिलं. दीप्तीनं ते कॉम्प्युटरला जोडून बारीक आवाज वाढवून घेतले, कानामागे बसवलं आणि चालू केलं. भाऊसो दचकले. पंख्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, स्वतःच्या शर्टाची बाही चोळून बघितली. "शर्टाचा आवाज येतोय," ते अविश्वासानं म्हणाले. बाहेर रिक्षा थांबली, तर म्हणाले, "ब्रेक खराब हाय त्याचा."

दीप्तीच्या मोबाइलमध्ये टोपीवालं गाणं होतं. सकाळीच घालून आणलं होतं. तिनं विचारलं, "लावू का?"

"नगं," भाऊसो म्हणाले. "त्यो निसता वरडतोय ते मला धडधडीवरनंच कळायचं. तू बोल."

"काय बोलू?"

भाऊसो मान तिरकी करून, डोळे मिटून बसून राहिले. तेवीस वर्षांच्या बाईचा आवाज होता तो, थोडा घोगरा, थोडा मीनाबाईंच्या वळणाचा. "असा हाय व्हय," ते हळूच म्हणाले. "मी आपला बारीकच धरून चाललोय अजून."

मग डोळे न उघडताच भाऊसो म्हणाले, "तिसरीपासनं सांग. मदलं समदं ऱ्हायलंय."

दीप्ती उठली. तोंड दिसू नये म्हणून ती त्यांच्या खुर्चीच्या मागे गेली, भिंतीपाशी उभी राहिली आणि डोळे पुसून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तिसरीत बाईंनी मला एकदा दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं."

मान न वळवता भाऊसोंनी विचारलं, "कशापायी?"